प्रेयसी म्हणजे व्यसनमुक्ती केंद्र नव्हे

‘तूच त्याला यातून बाहेर काढू शकतेस.’ नशेत अडकलेल्या मुलाच्या प्रेयसीला हे वाक्य सगळेच ऐकवतात. त्याचे मित्र, त्याची बहीण, आणि नशा उतरली की तो स्वतःही. ऐकायला हे कौतुक वाटतं. खरं तर तिच्या गळ्यात एक नोकरी अडकवलेली असते, जिला पगार नाही, सुट्टी नाही आणि राजीनामाही देता येत नाही.

पिंपरीच्या संत तुकाराम नगरमध्ये राहणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीने ही नोकरी तीन वर्षं केली. तो चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार होता. नाइट शिफ्टला झोप येऊ नये म्हणून कुणीतरी एमडीची पुडी दिली. एमडी म्हणजे मेफेड्रोन. भूक आणि झोप उडते, बोलणं वाढतं, जग मुठीत आल्यासारखं वाटतं. उतरली की उदासी, चिडचिड, आणि काही काळाने संशय. हा सगळा क्रम तिच्या वाट्याला आला. तासन्‌तास गप्पा मारणारा मुलगा ‘मोबाइल दाखव, कुणाशी बोलत होतीस?’ इथवर पोचला. तिने त्याच्या उधाऱ्या फेडल्या, सुपरवायझरला ‘त्याला ताप आहे’ म्हणून फोन केले, गणपतीला नवस बोलली, स्वतःच्या गळ्याची शपथ घातली. वायसीएम रुग्णालय तिच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पण तीन वर्षांत त्याला तिथे कुणीही नेलं नाही. कारण सगळ्यांच्या मते औषध घरातच होतं. ते औषध म्हणजे ती.

ही समजूत आजची नाही. राम गणेश गडकरी जानेवारी १९१९मध्ये गेले आणि पुढच्याच महिन्यात त्यांचं ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलं. सुधाकर दारूपायी वकिली घालवतो, संसार घालवतो, शेवटी मूलही घालवतो. आणि मरायला टेकलेली सिंधू त्याला वाचवायला पोलिसांशी खोटं बोलते. गडकऱ्यांनी ही शोकांतिका लिहिली. आपण तिच्यातून आदर्श पत्नी उचलली आणि सिंधूचा जीव गेला हे सोयीस्करपणे विसरलो. बरोबर शंभर वर्षांनी, २०१९मध्ये, ‘कबीर सिंग’ आला. दारू आणि ड्रग्जमध्ये बुडालेला डॉक्टर, आणि शेवटी बक्षीस म्हणून मिळणारी प्रीती. थिएटरात शिट्ट्या वाजल्या. सिंधू निदान मरते तरी. म्हणजे या सौद्याची किंमत तरी कळते. प्रीतीच्या गोष्टीत तर बिलच येत नाही.

आता जरा आपल्या पट्ट्याकडे बघा. ऑक्टोबर २०२०मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी चाकण परिसरात २० किलो मेफेड्रोन पकडलं. फेब्रुवारी २०२४मध्ये दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीतल्या कारखान्यापर्यंत पुणे पोलीस पोचले, तेव्हा माल शेकडो किलोंत निघाला. ज्या पट्ट्यात विष कारखान्यात तयार होतं, तिथे त्याच्यावर उतारा म्हणून आपण काय देतो? एका पोरीची शपथ!

एम्सने केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल २०१९मध्ये आला. बेकायदा अमली पदार्थांवर अवलंबून असलेल्या २० जणांपैकी जेमतेम एकाला कधीतरी दाखल होऊन उपचार मिळाले होते. उरलेल्या १९ जणांना कोण सांभाळतं, ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे.

‘मग काय, सोडून द्यायचं त्याला? प्रेम एवढं स्वस्त असतं का?’ हा प्रश्न येणारच. माझं म्हणणं एवढंच आहे, की प्रेम आणि उपचार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधुमेह झालेल्याला कुणी इन्सुलिनऐवजी मिठी देत नाही. व्यसन हाही आजार आहे, त्यालाही डॉक्टर लागतो, समुपदेशक लागतो, आणि घसरला तर पुन्हा सुरुवात करावी लागते. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केलं. तिथे रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा वेगळा गट आहे. म्हणजे ज्यांनी आयुष्यभर हेच काम केलं, त्यांनी बायकोला औषध मानलं नाही. या आजाराने तिलाही जखम होते, हे त्यांनी ओळखलं. पण प्रेयसीचं काय? ती कुणाची पत्नी नाही, घरी सांगण्याची सोय नाही. जबाबदारी सगळी तिची आणि केसपेपरवर तिचं नावही नाही.

ती लपवते त्याला आणखी एक कारण असतं, पोलिसांची भीती. पण एनडीपीएस कायद्यातच कलम ६४-अ आहे. केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असलेल्या व्यसनी माणसाने स्वतःहून सरकारमान्य संस्थेत व्यसनमुक्तीचे उपचार घेतले, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेता येतं. मेफेड्रोनसाठी अल्प प्रमाण म्हणजे २ ग्रॅम. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, फोनला पैसे पडत नाहीत. ही माहिती प्रत्येक कारखान्याच्या गेटवर आणि प्रत्येक कॉलेजच्या कँटीनमध्ये लावायला हवी. आपण मात्र ‘से नो टू ड्रग्ज’च्या मॅरेथॉनचे टी-शर्ट वाटतो.

एखादी मुलगी थांबायचं ठरवेल, एखादी निघून जाईल. दोन्ही निर्णय तिचे. थांबली म्हणून ती देवी होत नाही, गेली म्हणून ती स्वार्थी ठरत नाही. थांबलीच, तर तिने त्याची उधारी फेडू नये, त्याच्यासाठी खोटं बोलू नये, आणि मार खाल्ल्यावर तर एक दिवसही थांबू नये.

आणि तुम्ही त्याचे मित्र असाल, तर तिला मेसेज टाकणं बंद करा. रिक्षा बोलवा, त्याला बसवा आणि डॉक्टरकडे घेऊन जा. तिला आज रात्री झोपू द्या.