टाके घातल्यानंतरची रात्र

28 जानेवारी 1848 रोजी इंग्लंडात न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही 15 वर्षांची मुलगी पायाचे नख काढण्यासाठी दिलेल्या क्लोरोफॉर्मने काही मिनिटांत दगावली आणि त्या औषधाचा पहिला नोंदलेला बळी ठरली. तेव्हापासून रुग्ण टेबलावरून जिवंत उठतो की नाही, एवढ्याच प्रश्नाने भुलेचे शास्त्र पछाडले.

पाटोदा तालुका ज्या बीड जिल्ह्यात आहे, तो निजामाच्या राज्यात असताना, 1888-89 मध्ये हैदराबादेत सर्जन एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने दोन क्लोरोफॉर्म आयोग बसले, शेकडो कुत्र्यांवर प्रयोग झाले आणि श्वास सांभाळला की हृदयाची काळजी नको, असा निर्वाळा मिळाला. 1911 मध्ये गुडमन लेव्ही यांनी हलक्या भुलेतही हृदय एकाएकी बंद पडू शकते हे दाखवून तो खोडून काढला.

तोवर दुसरी वाट खुली झाली होती: 1898 मध्ये ऑगस्ट बीअर यांनी पाठीच्या कण्यात कोकेन देऊन कमरेखालचा भाग बधिर केला, 1909 मध्ये लंडनमध्ये टिरेल ग्रे यांनी ती रीत मुलांवर वापरली. पुढे पूर्ण भूल सुरक्षित होत गेली तशी ही वाट मुलांपुरती ओस पडली, आणि तान्ह्यांना वेदना फारशी कळत नाही हा समज 1987 पर्यंत टिकला. तेव्हा इंदूरला शिकलेले के. जे. एस. आनंद यांनी ऑक्सफर्डमध्ये दाखवले की पुरेसे वेदनाशामक न मिळालेल्या बाळांचे शस्त्रक्रियेनंतर अधिक हाल होतात.

आज पावलाच्या शस्त्रक्रियेत मूल भुलेत असतानाच सोनोग्राफीच्या आधाराने गुडघ्यामागच्या नसेजवळ वजनानुसार मोजलेले औषध सोडले, तर पाऊल कित्येक तास शांत राहते आणि गुंगी-उलटी आणणारी अफूवर्गीय औषधे कमी लागतात. मात्र प्लास्टर आवळल्याची कळही दबू शकते, म्हणून बोटांचा रंग, ऊब आणि हालचाल रात्रभर पाहावी लागते.

2013 मध्ये पालघरला सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम वाकडी पावले अंगणवाडीतच हेरतो, 1974 पासून बीड जिल्ह्यातच अंबाजोगाईत वैद्यकीय महाविद्यालय आहे. म्हणजे हेरणारे आहेत, शिकवणारेही आहेत. पण हैदराबादच्या त्या आयोगांचा धडा हा की जे मोजायचे ठरत नाही ते दिसत नाही. म्हणून मुलाच्या केसपेपरवर नाडी-तापाच्या शेजारी वेदनेचा रकाना असावा, आणि पाटोद्याच्या आईबापांनी शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीच भूलतज्ज्ञांना विचारावे: रात्री दुखू नये म्हणून काय देणार?