दहावीतून गळालेली उत्क्रांती

मध्य प्रदेशच्या माध्यमिक शिक्षण मंडळाचे मुख्यालय भोपाळच्या शिवाजी नगरात आहे. या मंडळाची दहावीची परीक्षा दरवर्षी लाखो विद्यार्थी देतात. त्यांच्या हाती असलेले विज्ञानाचे पुस्तक मात्र दिल्लीच्या ‘एनसीईआरटी’चे असते आणि गोवा मंडळाचे विद्यार्थीही तेच पुस्तक वाचतात. म्हणूनच दिल्लीत एखादा धडा गळाला की तो भोपाळ आणि गोवा या दोन्ही ठिकाणच्या वर्गांतून एकाच वेळी नाहीसा होतो. ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या धड्याचे नेमके हेच झाले. 2022 मध्ये अभ्यासक्रमाचे ‘सुसूत्रीकरण’ जाहीर झाले आणि 2023च्या छपाईत धड्याच्या शीर्षकात केवळ ‘आनुवंशिकता’ उरली.

त्या वर्षी एप्रिलमध्ये ‘ब्रेकथ्रू सायन्स सोसायटी’च्या पुढाकाराने निघालेल्या निषेधपत्रावर 1800हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी सह्या केल्या. परिषदेचे उत्तर होते की, कोविडमुळे विद्यार्थ्यांवर आलेला ताण हलका करण्यासाठी ही कपात झाली आणि उत्क्रांती बारावीच्या जीवशास्त्रात शिकवली जातेच. या उत्तरातील दुसरा भाग अर्धाच खरा आहे. विज्ञान सर्वांना सक्तीचे असते ते दहावीपर्यंत. पुढे वाणिज्य, कला किंवा अभियांत्रिकीकडे वळणारा विद्यार्थी जीवशास्त्राचे पुस्तक उघडत नाही. या बहुसंख्य मुलांच्या बाबतीत ‘बारावीत आहे’ याचा अर्थ ‘कधीच नाही’ असाच होतो.

या कपातीमागे सृष्टीनिर्मितीवाद्यांचाच हात होता, असे ठामपणे म्हणता येणार नाही. मूलद्रव्यांच्या आवर्ती वर्गीकरणाचा धडाही त्याच वेळी गळाला आणि आवर्तसारणीशी कोणत्याही धर्माचे भांडण नाही. तरीही हेतू कोणताही असो, परिणाम टळत नाही. उत्क्रांतीवर आक्षेप घेणारे आवाज समाजात आहेतच. त्यांना उत्तर देण्याची तयारी मात्र शाळेतून काढून घेतली गेली.

हे आवाज किती वरून येतात, ते जानेवारी 2018 मध्ये औरंगाबादेत दिसले. तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी तेथे डार्विनचा सिद्धान्त शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा ठरवला. माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलेले नाही, असा त्यांचा मुद्दा होता. देशातील तिन्ही प्रमुख विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून या विधानाला शास्त्रीय आधार नसल्याचे स्पष्ट केले. ज्येष्ठ मंत्री प्रकाश जावडेकर यांनीही आपल्या सहकाऱ्याला अशी विधाने टाळण्यास सांगितले.

सिंह हे मुंबईचे माजी पोलीस आयुक्त. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नसतानाही परिस्थितिजन्य पुराव्यांची साखळी जुळवून गुन्हा सिद्ध करता येतो, हे पोलीस खात्याइतके कोणाला ठाऊक असणार? उत्क्रांतीचा पुरावाही असाच साखळीचा आहे. शिवाय आजच्या माकडापासून माणूस झाला, असा जीवशास्त्राचा दावाच नाही. माणूस आणि चिंपांझी यांचे पूर्वज एक होते, असा तो दावा आहे. माणसाच्या पेशीत 46 गुणसूत्रे, तर चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांच्या पेशीत 48. पूर्वज एक असतील, तर माणसात दोन गुणसूत्रे कधीतरी एकमेकांना जोडली गेली असली पाहिजेत. 1991 मध्ये मानवी गुणसूत्र क्रमांक 2च्या मध्यभागी, एरवी गुणसूत्राच्या टोकाला आढळणारी जनुकीय रचना समोरासमोर चिकटलेली सापडली. अपेक्षा आधी मांडली जाते आणि ती खरी ठरते की खोटी, हे नंतर तपासले जाते. विज्ञानाची रीत ती हीच.

‘हा तर केवळ सिद्धान्त आहे’ हा दुसरा आक्षेप. बोलीभाषेत ‘थिअरी’ म्हणजे अंदाज. विज्ञानात मात्र सिद्धान्त म्हणजे अनेक कसोट्यांतून तावून सुलाखून निघालेले स्पष्टीकरण. तिसरा आक्षेप शास्त्रज्ञांतील मतभेदांवर बोट ठेवतो. त्याचे उत्तर मध्य प्रदेशच्याच मातीत आहे. 1982 मध्ये सिहोर जिल्ह्यातील हथनोरा येथे, नर्मदेच्या काठी, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना आदिमानवाच्या कवटीचा जीवाश्म मिळाला. प्रारंभी त्याला होमो इरेक्टसच्या कुळात बसवले गेले. पुढे अनेक अभ्यासकांनी तो होमो सेपियन्सच्या प्राचीन रूपाशी अधिक जवळचा मानला. वाद आहे तो या जीवाश्माला वंशवृक्षाच्या कोणत्या फांदीवर ठेवायचे याचा. वंशवृक्ष आहे की नाही, यावर तो वाद नाही. अशा राज्यातील दहावीच्या मुलाला हथनोराचा अर्थ उलगडून सांगणारा धडाच नसावा, हे खेदजनक आहे.

कपातीसाठी दिलेल्या कारणातही एक विसंगती आहे. ज्या महासाथीच्या नावाखाली उत्क्रांती वगळली, त्या महासाथीने उत्क्रांतीचाच पाठ घराघरांत शिकवला. विषाणूत बदल होत गेले, वेगाने पसरणारी रूपे टिकली, मागची हटली. भारतात प्रथम आढळलेल्या डेल्टाची जागा ओमायक्रॉनने घेतली, ती याच नैसर्गिक निवडीने. प्रतिजैविकांना न जुमानणारे जीवाणू आणि कीटकनाशकांना सरावलेल्या किडी यांचेही मूळ तेच. रुग्णाने औषधाचा क्रम अर्धवट का सोडू नये, हे समजण्यासाठीही ही कल्पना उपयोगी पडते.

उत्क्रांती मान्य केली की श्रद्धा सोडावी लागते, ही भीतीही अनाठायी आहे. 1996 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांती हे निव्वळ गृहीतक राहिलेले नाही, असे मान्य केले. आपल्याकडे दशावताराचा क्रम आणि उत्क्रांती यांची सांगड अनेकजण कौतुकाने घालतात. तो पुरावा नव्हे. पण श्रद्धाळू मन या विचाराला परके नाही, एवढे त्यातून नक्की दिसते.

दहावीच्या वयाला हा विषय झेपत नाही, असेही म्हणता येत नाही. महाराष्ट्रात ‘बालभारती’च्या 2018च्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागाचा पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ आहे. जीवाश्म, अवशेषांगे, नैसर्गिक निवड हे सारे तेथील मुले मराठीतून शिकतात. मग शेजारच्या गोव्यातील आणि मध्य प्रदेशातील मुलांनाच त्याचा भार का व्हावा?

2023च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानुसार इयत्तांची पुस्तके टप्प्याटप्प्याने बदलत आहेत. या बदलात उत्क्रांतीला दहावीत तिचे स्थान परत मिळायला हवे. तोवर पूरक पुस्तिका काढण्यापासून राज्य मंडळांना कोणी रोखलेले नाही. 1976च्या 42व्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टी जोपासणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले आहे. ज्याने हे कर्तव्य पार पाडायचे, त्या नागरिकाला पुरावा कसा तोलावा, हे शाळेत शिकवण्याची जबाबदारी मंडळांची आहे.