नियम, वाहन आणि वाटसरू

एखादे नवे वाहन रस्त्यावर आले की आपण त्याचे श्रेय ते बनविणाऱ्या अभियंत्याला देतो. त्याचे रूप, त्याचा वेग, त्याच्या इंजिनाचा दमदारपणा यांचे कौतुक करतो. परंतु गेल्या पन्नास-साठ वर्षांत वाहनाला आकार देणारा आणखी एक हात आहे. तो कारखान्यात दिसत नाही, विक्रीच्या दालनातही दिसत नाही. तो हात कायद्याचा आहे. वाहनाच्या धुराविषयीचे आणि सुरक्षिततेविषयीचे नियम म्हणजे केवळ कागदावरची कलमे नव्हेत. इंजिनाच्या आत काय जळावे, मोटारीचे नाक किती मऊ असावे, दुचाकीचा ब्रेक कसा लागावा, हे सारे या नियमांनी ठरविले आहे. हे नियम नसते तर आजचे वाहन आजच्यासारखे नसते आणि आजच्याहून अधिक घातक असते, असे मला वाटते.

असे का घडले असते? वाहनाचा व्यवहार मुळात दोघांचा असतो. एक विकणारा आणि दुसरा घेणारा. घेणारा किंमत विचारतो, गाडी 'ॲव्हरेज' किती देते ते विचारतो. विकणारा त्याच प्रश्नांची उत्तरे शोधत असतो. या व्यवहारात एक तिसरा माणूस मात्र कधीच बोलावला जात नाही. तो म्हणजे रस्त्याच्या कडेने चालणारा वाटसरू. गाडीचा धूर मागे सुटतो. तो चालविणाऱ्याच्या नाकात जात नाही, मागून येणाऱ्याच्या, चौकात उभ्या असलेल्या पोलिसाच्या, पदपथावर भाजी विकणाऱ्या बाईच्या नाकात जातो. त्या बाईने गाडी घेतलेली नसते, पण तिची किंमत ती आपल्या श्वासाने मोजत असते. बाजारात तिच्या वतीने बोलणारे कोणी नाही. तिच्या वतीने नियम बोलतो.

आपल्या देशातील दुचाकीचे उदाहरण पाहू. एके काळी भारतातील बहुतेक स्कूटर, मोपेड आणि रिक्षा 'टू-स्ट्रोक' इंजिनावर धावत. हे इंजिन साधे, हलके आणि स्वस्त होते. त्यात झडपा नसत. सिलिंडरच्या भिंतीतील छिद्रांतून ताजे मिश्रण आत येई आणि जळलेला वायू बाहेर जाई. दोष येथेच होता. ताजे मिश्रण आत शिरत असताना धूर बाहेर जाण्याचे छिद्रही उघडेच असे. त्यामुळे पेट्रोलचा काही भाग न जळताच बाहेर निसटे. शिवाय वंगणासाठी पेट्रोलातच तेल मिसळावे लागे आणि तेही जळे. स्कूटरच्या मागे रेंगाळणारा निळसर धूर हा त्याच तेलाचा.

भारतात १९९१ मध्ये पेट्रोल वाहनांसाठी आणि १९९२ मध्ये डिझेल वाहनांसाठी उत्सर्जनाच्या मर्यादा प्रथम लागू झाल्या. १९९६ आणि २००० मध्ये त्या अधिक कडक झाल्या. प्रत्येक पायरीला टू-स्ट्रोक इंजिन तगविणे अधिकाधिक कठीण होत गेले. चार फेऱ्यांत काम करणारे 'फोर-स्ट्रोक' इंजिन कमी पेट्रोल पिते, ही गोष्ट ग्राहकांनाही पटू लागली होती. म्हणजे या बदलात बाजाराचाही वाटा होता, हे मान्य केले पाहिजे. पण जे इंजिन हळूहळू मागे पडले असते, त्याला निश्चित मुदत घालून दिली ती नियमाने. पुण्याजवळच्या आकुर्डीत तयार होणारी आणि देशभर मध्यमवर्गीय कुटुंबाची ओळख बनलेली 'चेतक' स्कूटर २००५-०६ च्या सुमारास बंद झाली. २०२० मध्ये हेच नाव पुन्हा रस्त्यावर आले, ते विजेवर चालणाऱ्या स्कूटरवर. एका नावाचा निळसर धुरापासून धूरविरहित चाकापर्यंतचा हा प्रवास आहे.

नियमाची साखळी कशी असते, हे मोटारीच्या बाबतीत अधिक स्पष्ट दिसते. अमेरिकेत १९७० मध्ये स्वच्छ हवेचा कायदा कडक करण्यात आला. १९७५ च्या मोटारींतून कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन ९० टक्क्यांनी कमी झाले पाहिजेत, असे त्यात म्हटले होते. तेथील मोठ्या कारखानदारांनी हे अशक्य असल्याचे सांगितले. मुदत काहीशी पुढेही ढकलावी लागली. पण त्याच सुमारास जपानच्या होंडा कंपनीने ज्वलनाची रचनाच बदलून ही मर्यादा गाठता येते, हे दाखवून दिले. इतरांनी धुराच्या नळीत एक नवे उपकरण बसविले. त्याचे नाव कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. प्लॅटिनमसारख्या मौल्यवान धातूंचा थर दिलेल्या या डब्यातून जाताना विषारी वायूंचे रूपांतर कमी घातक वायूंत होते.

पण हा डबा बसविला आणि काम संपले, असे नव्हते. त्या काळी इंजिन ठोके देऊ नये म्हणून पेट्रोलात शिशाचे संयुग मिसळत. शिसे या उपकरणाला निकामी करते. म्हणून पेट्रोलातून शिसे काढावे लागले. पुढे तिन्ही प्रकारचे वायू एकाच वेळी शुद्ध करणारे उपकरण आले, तेव्हा दुसरी अडचण उभी राहिली. हे उपकरण नीट चालण्यासाठी एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा, हे प्रमाण सतत राखावे लागते. साध्या कार्ब्युरेटरला हे जमणारे नव्हते. मग धुरातील प्राणवायू मोजणारा सेन्सर आला, त्याचे म्हणणे ऐकणारा छोटा संगणक आला आणि त्या संगणकाच्या आज्ञेने पेट्रोलची फवारणी करणारी यंत्रणा आली. आज आपण ज्या इंजिनाला आधुनिक म्हणतो, त्याचा मोठा भाग असा एका नियमाच्या पोटी जन्मलेला आहे.

भारतात हीच साखळी थोड्या उशिराने उलगडली. १९९५ मध्ये दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि त्यासाठी शिसेविरहित पेट्रोल उपलब्ध करून देण्यात आले. २००० च्या फेब्रुवारीत संपूर्ण देशात पेट्रोल शिसेविरहित झाले. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधा आणणारे एक विष असे पंपावरून हद्दपार झाले. मोटारीचे एक उपकरण वाचविण्याच्या निमित्ताने मोटार कधीही न घेऊ शकणाऱ्या घरांतील मुलांनाही संरक्षण मिळाले. यापेक्षा नियमाची उपयुक्तता आणखी कोणती?

या वाटचालीत न्यायालयांचा वाटाही मोठा आहे. १९८५ मध्ये विधिज्ञ एम. सी. मेहता यांनी दिल्लीच्या हवेसंबंधी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. तिच्यातून पुढे अनेक आदेश निघाले आणि २००२ च्या अखेरीस दिल्लीच्या सार्वजनिक बसगाड्या डिझेल सोडून सीएनजी या नैसर्गिक वायूवर धावू लागल्या. २०१७ च्या मार्चमध्ये दुसरा प्रसंग आला. 'भारत स्टेज ३' या जुन्या मानकाची आठ लाखांहून अधिक वाहने विक्रीविना पडून होती. ती नव्या मुदतीनंतरही विकू द्यावीत, अशी उत्पादकांची मागणी होती. लोकांचे आरोग्य हे उत्पादकांच्या व्यापारी हितापेक्षा महत्त्वाचे आहे, अशी भूमिका घेऊन न्यायालयाने १ एप्रिल २०१७ पासून ती विक्री थांबविली. त्या दिवशी व्यवहारातील तिसऱ्या माणसाचे म्हणणे खऱ्या अर्थाने ऐकले गेले.

१ एप्रिल २०२० रोजी देशाने पाचवी पायरी गाळून थेट 'भारत स्टेज ६' गाठले. डिझेल मोटारीला एका किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम सूक्ष्म कण सोडण्याची मुभा होती, ती साडेचार मिलिग्रॅमवर आली. इंधनातील गंधक दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आणावे लागले. कारण गंधक अधिक असले तर धूर गाळणारी नवी उपकरणे टिकत नाहीत. छोट्या डिझेल इंजिनांना हा खर्च परवडेना, म्हणून काही उत्पादकांनी ती बनविणेच सोडले. मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर जवळजवळ नाहीसा झाला.

धुराचे झाले, आता धडकेचे पाहू. 'जुनी गाडी दणकट होती, आताचा पत्रा बोटाने दबतो,' अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. या तक्रारीमागे एक गैरसमज आहे. धडक होते तेव्हा वेगातील ऊर्जा कोठेतरी जिरलीच पाहिजे. गाडीचे नाक अजिबात दबले नाही, तर तो धक्का आत बसलेल्या माणसाच्या छातीत आणि मानेत जिरतो. म्हणून पुढचा भाग ठरवून दबणारा आणि माणसे बसतात तो पिंजरा न दबणारा, अशी रचना पुढे आली. छातीत घुसणारा स्टीअरिंगचा दांडा धडकेच्या वेळी आत मिटेल, अशी योजना झाली. १९५९ मध्ये व्होल्वो कंपनीचे अभियंते निल्स बोलिन यांनी तीन ठिकाणी बांधला जाणारा सुरक्षा पट्टा तयार केला आणि कंपनीने तो इतरांनाही वापरू दिला. ज्ञान उपलब्ध होते. तरीही ते सर्व मोटारींत पोहोचायला कायद्याची गरज पडली.

आपल्याकडेही तेच दिसले. २०१४ मध्ये भारतातील पाच लोकप्रिय छोट्या मोटारींची परदेशी संस्थेने धडक-चाचणी घेतली, तेव्हा पाचही मोटारींना शून्य तारे मिळाले. सुरक्षित मोटार बनविण्याचे ज्ञान उत्पादकांना नव्हते, असे म्हणता येणार नाही. येथे ते बंधनकारक नव्हते, इतकेच. पुढे २०१७ पासून नव्या नमुन्यांना आणि २०१९ पासून सर्व मोटारींना धडक-चाचणी आवश्यक झाली. चालकासाठी एअरबॅग, पट्टा न लावल्यास वाजणारी सूचना, वेग वाढल्यास मिळणारा इशारा हे २०१९ मध्ये सक्तीचे झाले. १२५ सीसीपेक्षा मोठ्या दुचाकींना चाक अडकू न देणारे 'एबीएस' ब्रेक त्याच वर्षापर्यंत अनिवार्य झाले. तरीही २०२२ या एका वर्षात आपल्या रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्यू पावली आणि त्यांत सर्वांत मोठा वर्ग दुचाकीस्वारांचा होता. मोटारीच्या आतील माणसाचा विचार झाला. बाहेरच्या माणसाचा विचार अजून पुरेसा झालेला नाही, असाच याचा अर्थ.

नियमांवर आक्षेप नाहीत असे नाही. पहिला आक्षेप किमतीचा. सुधारणा फुकट होत नाही आणि वाढलेली किंमत अखेर ग्राहकच देतो. हे खरे आहे. पण जुन्या वाहनाचा खर्चही कोणीतरी देतच होते. तो दवाखान्याच्या बिलात आणि बुडालेल्या रोजगारात वाटला गेल्यामुळे दिसत नव्हता. दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन कार्ब्युरेटर कानाने जुळविणारा कोपऱ्यावरचा मिस्त्री एका रात्रीत अडाणी ठरतो. आता बिघाड शोधायला स्कॅनर लागतो, त्याची भाषा समजावी लागते. ज्या समाजाने नियम केला, त्या समाजाने या कारागिराला नवी विद्या शिकविण्याची जबाबदारीही घेतली पाहिजे. हवा सर्वांची शुद्ध व्हावी आणि तिची किंमत एकट्या मिस्त्रीने मोजावी, हा न्याय नव्हे.

तिसरी गोष्ट नियमाच्या शब्दांची. नियम जे मोजतो, तेच कारखाना सुधारतो. २००६ मध्ये चार मीटरपेक्षा आखूड आणि लहान इंजिनाच्या मोटारींना करसवलत मिळाली. लवकरच शेपटी छाटल्यासारख्या मोटारी रस्त्यावर दिसू लागल्या. त्या आकारामागे सौंदर्यदृष्टी नव्हती, मोजपट्टी होती. २०१५ मध्ये तर जर्मनीच्या फोक्सवॅगन कंपनीची लबाडीच उघड झाली. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारी संगणकीय आज्ञावली जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख डिझेल वाहनांत होती. परीक्षेपुरता अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यासारखाच हा प्रकार. म्हणून परीक्षाही प्रयोगशाळेबाहेर, खऱ्या रस्त्यावर घ्यावी लागते. भारतात २०२३ पासून तशी चाचणी सुरू झाली आहे.

आणि अखेरची परीक्षा आपली आहे. उत्तम इंजिनाची गाडी देखभालीविना वर्षानुवर्षे चालविली, प्रदूषण नियंत्रणाचे प्रमाणपत्र तपासणी न करताच पैसे देऊन घेतले, पट्ट्याची सूचना वाजू नये म्हणून रिकामी कडी अडकविली, तर अभियंत्याची विद्या आणि कायद्याचा हेतू दोन्ही वाया जातात. आपण वाहनावर स्वार असतो तेव्हा नियम जाचक वाटतो. पण दिवसाच्या कोणत्या ना कोणत्या प्रहरी आपण प्रत्येक जण पायी चालतोच. तेव्हा शेजारून जाणाऱ्या वाहनात जी शुद्धता आणि जो संयम असावा असे आपल्याला वाटते, तोच नियमात लिहिलेला असतो. तो पाळणे म्हणजे त्या वाटसरूचा श्वास घेण्याचा आणि सुखरूप घरी पोहोचण्याचा हक्क मान्य करणे होय.