स्टॉकचं सॉफ्टवेअर घेताना आधी मर्यादा बघा



आपल्यातल्या बऱ्याच जणी घरातून खाखरे, मेतकूट, पापड, शेवया, बिनलसणाची शेंगा चटणी करून विकतात. चातुर्मास लागला, दसलक्षण पर्व जवळ आलं की ऑर्डरी वाढतात. मग कुणाकडे किती माल गेला, डब्यात किती उरला, याचा मेळ बसत नाही. त्यामुळे "स्टॉकसाठी स्वस्तातलं सॉफ्टवेअर कोणतं घेऊ?" हा प्रश्न महिला मंडळात आता नेहमीचा झालाय.

माझं मत स्पष्ट आहे. दर विचारण्याआधी एकच विचारा : कोणता माल कधी केला आणि तो कधीपर्यंत चालतो, हे त्यात दिसतं का? बाकीच्या सोयी नंतर.

कारण आपला माल फक्त चवीवर विकला जात नाही, तो विश्वासावर विकला जातो. आपल्याकडे दळलेल्या पिठाची मर्यादा पावसाळ्यात 3 दिवस, उन्हाळ्यात 5 दिवस आणि हिवाळ्यात 7 दिवस मानतात. तयार पदार्थांची मर्यादा पदार्थागणिक वेगळी. व्रती श्राविका आपल्याकडून पाकीट घेते तेव्हा ती आपल्या शब्दावर घेते. शिवाय पावसाळ्यात मागे राहिलेल्या पिठात अळ्या, पोरकिडे झाले की काय करणार? चाळलं तर हिंसा, टाकलं तर अन्न आणि पैसा दोन्ही वाया, आणि विकण्याचा तर प्रश्नच नाही. म्हणजे साठ्याची नोंद ही आपल्यासाठी अहिंसेचीही गोष्ट आहे.

आता अडचण अशी की बाजारातल्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये एक्स्पायरीसाठी एकच रकाना असतो. आपल्याला तारखा दोन लागतात. एक पाकिटावर छापायची, कायद्याने लागणारी. दुसरी मर्यादेची, जी ऋतूप्रमाणे बदलते. हे कुठल्याही कंपनीला ठाऊक नसतं, ते आपणच बसवून घ्यायचं असतं.

म्हणून वीस-पंचवीस जिन्नस असतील तर मी सरळ गूगल शीट्स वापरा म्हणेन. पैसे लागत नाहीत, मोबाईलवर चालतं, मराठीत लिहिता येतं आणि हवे तितके रकाने करता येतात. बॅच नंबर, दळणाची किंवा करण्याची तारीख, मर्यादा, पाकिटावरची तारीख, किती केलं, किती गेलं, किती उरलं, एवढे सात रकाने पुरे. दळणाच्या तारखेत दिवस मिळवले की मर्यादेची तारीख आपोआप येते. पहिला दिवस धरायचा की सोडायचा, ते आपापल्या परंपरेप्रमाणे. तारीख उलटली की ओळ लाल व्हावी अशी सोयही त्यात आहे. मुलांना सांगा, अर्ध्या तासात करून देतील.

जिन्नस वाढले, रोज बिलं फाडावी लागली, दुकानांना उधारीवर माल जाऊ लागला की मग बिल आणि साठा एकत्र सांभाळणारं मोबाईलवरचं ॲप बघा. व्यापार हे त्यातलं एक. झोहो इन्व्हेंटरीसारख्या सॉफ्टवेअरचा मर्यादित ऑर्डरींसाठी मोफत प्रकारही असतो. टॅली चांगलंच आहे, त्यात बॅच आणि एक्स्पायरीही ठेवता येते, पण त्याच्या कायमच्या परवान्याला वीस हजारांहून जास्त पडतात. सीए टॅलीच घ्या म्हणतात, कारण त्यांना हिशेब तयार मिळतो. त्यांचं बरोबर आहे, पण ती हिशेबाची गरज झाली. घरातल्या डब्यांची गरज वेगळी. जीएसटीचा पसारा नसेल तर तेवढे पैसे अडकवायचं कारण नाही.

दर बघताना वर्षाचा हिशेब करा. समजा महिन्याला 300 रुपये दिसले, तर वर्षाचे 3,600, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 4,248. एका पाकिटामागे 20 रुपये सुटत असतील तर 213 पाकिटं केवळ सॉफ्टवेअरसाठी विकायची. दिवाळीपर्यंतच एवढी पाकिटं जात असतील तर हरकत नाही. वर्षभरातच तेवढी जात असतील तर नको.

पैसे भरण्याआधी पंधरा दिवस फुकट वापरून बघा. शंभर नव्हे, दहाच जिन्नस भरा. तीन गोष्टी तपासा. चटणीची एक बॅच नोंदवली की शेंगदाणे, तिखट, मीठ साठ्यातून आपोआप वजा होतात का? आधी संपणारा माल यादीत वर दिसतो का? आणि ॲप सोडायचं ठरवलं तर आपली सगळी नोंद एक्सेलमध्ये बाहेर काढता येते का? तिसऱ्याचं उत्तर "नाही" असेल तर तिथेच थांबा. मोबाईल हरवला किंवा वर्गणी संपली म्हणून वर्षभराची नोंद जाऊ द्यायची नाही.

काही जणी म्हणतात, सासूबाई सगळं तोंडी सांभाळत होत्या, काही अडलं नाही. खरं आहे, पण तेव्हा माल घरच्यांसाठी आणि दहा ओळखीच्या घरांसाठी होता. आज पाकीट पुण्याला, बंगळुरूला जातं, हाताखाली मदतनीस असते. एकीच्या डोक्यातला हिशेब दुसरीला वाचता येत नाही.

परिग्रह-परिमाणाचं व्रत घेणारीलाही आधी आपल्याकडे किती आहे ते मोजावं लागतं, तेव्हा कुठे मर्यादा ठरते. साठ्याचंही तसंच. म्हणून या रविवारी कपाट उघडून एक-एक डबा वजन करून लिहून काढा. महिनाभर साध्या वहीत आवक-जावक लिहा. त्या महिन्यात कुठला रकाना कमी पडतो ते कळेल, आणि सॉफ्टवेअरवाल्याला नेमकं काय विचारायचं तेही कळेल.

जय जिनेंद्र.