फॉर्म भरणार कोण?

आमच्या क्लासच्या गेल्या पालक मेळाव्यात मुखेडकडचे एक पालक मोबाइल पुढे धरून उभे राहिले. "सर, तुमचा फॉर्म उघडंना झालाय. पासवर्ड मागालाय." जीमेल खाते मोबाइलवाल्या दुकानदाराने उघडून दिलेले, पासवर्ड त्यालाच ठाऊक. चूक माझी होती. एकाने दोनदा भरू नये म्हणून गुगल फॉर्म्समध्ये 'एकच उत्तर' ही सोय मी हौसेने चालू केली होती. ती चालू केली की लॉगिन आलेच. गुणपत्रिकेचा फोटो जोडायला सांगितला, तरी तेच. त्यांचे म्हणणे मग तोंडीच ऐकले: रविवारची टेस्ट उशिरा सुटते, मुलीची शेवटची एसटी चुकते. माझ्या अठरा प्रश्नांत एसटी कुठेच नव्हती.

अशा अभिप्रायाच्या फॉर्मसाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, अशी विचारणा लातूरच्या ट्युशन एरियातून आणि नांदेडहूनही होते. क्लासपुरते गुगल फॉर्म्स पुष्कळ झाले. फुकट आहे, उत्तरे थेट शीटमध्ये येतात. झोहो सर्व्हे, सर्व्हेमंकी यांच्या फुकट योजनांत प्रश्नांना आणि उत्तरांना मर्यादा असते, हे बघूनच त्यात पडा. गावोगाव माणूस पाठवून माहिती घ्यायची असेल तर कोबोटूलबॉक्स बरे. रेंज नसली तरी उत्तरे मोबाइलमध्ये साठतात, रेंज आली की चढतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवरचा पोल मात्र सुटीची तारीख ठरवण्यापुरताच ठेवा. कोणी काय निवडले ते तिथे ग्रुपला दिसते; फिजिक्सच्या सरांविषयी खरे कोण बोलणार?

आपल्या धंद्याचे त्रांगडे वेगळेच आहे. फी बाप भरतो, शिकते लेकरू, आणि फॉर्म ज्याच्या हातात मोबाइल असेल तो भरतो. म्हणून पालकांचा आणि विद्यार्थ्यांचा फॉर्म वेगळा हवा. 'शिकवणे व मेसचे जेवण समाधानकारक आहे का?' असले जोडप्रश्न तर नकोतच. शिकवणे चांगले, वरण पाण्यासारखे, अशा पोराने काय टिचकावे? तो 'बरे आहे' दाबून मोकळा होतो. त्यापेक्षा 'मागच्या आठवड्यात मेसमधले जेवण किती वेळा टाळले?' असे विचारा. आकडा येतो, आणि आचाऱ्याशी बोलता येते.

नावाशिवाय भागत असेल तर नाव, नंबर मागूच नका. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक धरला आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळता येईल अशा संमतीची अट आहे. आपली अकरावी-बारावीची बहुतेक पोरे यातच मोडतात. संमतीची सूचना मराठीतही मिळाली पाहिजे, तेव्हा इंग्रजी मजकूर चिकटवून सुटका नाही.

आणि ती उत्तरांची शीट. 'लिंक असलेल्या कोणालाही' उघडी ठेवलेली, मुलांच्या नंबरांसकट. मागच्या वर्षी सोडून गेलेल्या सरांकडे ती लिंक अजून आहे का, आजच बघा. ते सर आता पुढच्याच गल्लीत स्वतःची बॅच भरत असतील.