तोंडपाठ आहे, आता अर्थही शिकू या

आपल्या घरात पाली कानावर पडली नाही असा महिना जात नाही. पौर्णिमेची वंदना असो, नामकरण असो, मंगल परिणय असो की पुण्यानुमोदन असो, त्रिशरण-पंचशीलाशिवाय आपले एकही कार्य होत नाही. चार वर्षांचे लेकरूही हात जोडून सगळे म्हणून दाखवते. पण तेच लेकरू दहा वर्षांचे होते आणि विचारते, "आई, वेरमणी म्हणजे काय गं?" मग मोठी माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. "मोठा झालास की कळेल," असे सांगून वेळ निभावली जाते. तो मोठा होतो, तरी कळत नाही; कारण सांगणाऱ्यालाही कोणी सांगितलेले नसते.

अर्थ न कळता म्हटलेल्या शब्दांचा मंत्र होतो, आणि मंत्र आला की त्याच्या मागोमाग भट येतो. बाबासाहेबांनी आपल्याला ज्यातून बाहेर काढले, तिथेच परत जायचे आहे काय?

शिकावे म्हटले तर शिकवणार कोण, हा प्रश्न खराच आहे. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ, सेनगाव या आपल्या तालुक्यांतल्या खेड्यापाड्यांत पालीचा शिक्षक सहसा सापडत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात पालीचा विभाग आहे, पण हळद काढणीची मजुरी बुडवून तिथे कोण जाणार? म्हणून घरच्या घरी शिकण्याचा मार्ग धरला पाहिजे.

हा मार्ग नवा नाही. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये बाबासाहेबांना संस्कृत शिकू दिले नाही, फारसी घ्यावी लागली. पुढे ते स्वतःच्या हिमतीवर संस्कृत शिकले, आणि पालीचे व्याकरण व शब्दकोशही त्यांनी तयार केला. गोव्याचे धर्मानंद कोसंबी १८९९ साली घर सोडून निघाले, १९०२ साली श्रीलंकेत पोहोचले आणि तिथे पाली शिकले. १९१२ पासून ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवू लागले. त्यांना समुद्र ओलांडावा लागला. आपल्याला उंबराही ओलांडायचा नाही.

शिवाय पाली आपल्याला वाटते तितकी परकी नाही. हत्थ म्हणजे हात, कण्ण म्हणजे कान, दन्त म्हणजे दात, ओट्ठ म्हणजे ओठ. गाम म्हणजे गाव, रत्ति म्हणजे रात, सत्त म्हणजे सात, अट्ठ म्हणजे आठ. भत्त म्हणजे भात, जेवण. कच्चायनाच्या व्याकरणात पालीची अक्षरे ४१ सांगितली आहेत : ८ स्वर आणि ३३ व्यंजने. ऋ, ऐ, औ, श, ष यांची कटकट नाही, आणि आपला ळ मात्र आहे. मराठी वाचता येणाऱ्याला पाली वाचता येते.

पहिला धडा तर आपल्या तोंडातच आहे. गच्छामि, वंदामि, समादियामि या शब्दांच्या शेवटी 'मि' आहे. म्हणजे बोलणारा स्वतःविषयी बोलतो : मी जातो, मी वंदन करतो, मी स्वीकारतो. वेरमणी म्हणजे दूर राहणे. सिक्खापद म्हणजे शिकण्याचा नियम. आपले 'शिकणे' त्याच कुळातले. म्हणजे पंचशील ही वरून आलेली आज्ञा नव्हे. ते शिकण्याचे पाच नियम आहेत आणि ते आपण आपणहून घेतो.

अदिन्नादान हा शब्द फोडा : अदिन्न म्हणजे न दिलेले, आदान म्हणजे घेणे. नुसती चोरी नव्हे, तर कोणी न दिलेले काहीही घेणे. मजुराची मजुरी दाबणाराही त्यात आला. पाचव्या शीलातला पमादट्ठान हा शब्द पाहा. पमाद म्हणजे गाफीलपणा, ठान म्हणजे जागा. दारूला नाही का म्हणायचे, तर ती माणसाला गाफील करते म्हणून. हे पोराला एकदा समजले, तर बापाच्या हातातल्या ग्लासाकडे तो वेगळ्या नजरेने पाहील. बापालाही ते कळले तर अधिक बरे.

आता साधने. बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा १६ वा खंड महाराष्ट्र शासनाने १९९८ साली काढला. त्यात त्यांचे पाली व्याकरण आहे, मराठी अर्थ देणारा शब्दकोश आहे आणि बौद्ध पूजापाठही आहे. विहाराच्या वर्गणीतून याची एक प्रत घ्यावीच. व्याकरणाचा भाग इंग्रजीत आहे, तो कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी इतरांना समजावून द्यावा. बालभारतीची अकरावी-बारावीची पालीची पुस्तके परीक्षेला न बसणाऱ्यांनीही वाचावीत. भदंत आनंद कौसल्यायन यांचा पाली-हिंदी कोश हाताशी असावा. इंग्रजी जमत असेल त्यांनी श्रीलंकेचे बुद्धदत्त महाथेर यांचे 'न्यू पाली कोर्स' पाहावे.

मूळ ग्रंथांचीही आता अडचण नाही. भिक्खू जगदीश काश्यप यांच्या संपादनाखाली १९५६ ते १९६१ या काळात नालंदाहून ४१ खंडांत तिपिटक देवनागरीत आले. आज इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने ते देवनागरीत मोबाईलवरही विनामूल्य वाचण्याची सोय केली आहे.

पुस्तक विकत घेण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. शब्दन् शब्द फोडून अर्थ दिला आहे का? सरावासाठी प्रश्न आहेत का? नुसता भावार्थ देणारे पुस्तक वाचायला गोड लागते, पण त्यातून भाषा येत नाही. आणि दहा पुस्तके जमवण्यापेक्षा एकच शेवटपर्यंत न्यावे.

पद्धत साधी ठेवा. एक वही करा. रोज पाच शब्द, तेही वंदनेतलेच. ज्या आईला वाचता येत नाही तिला लेकीने वाचून दाखवावे. तिचे पाठांतर लेकीपेक्षा पक्के असते, तिला फक्त अर्थ जोडायचा आहे. वंदना संपली की धम्मपद मराठी अर्थासह घ्या. त्यात ४२३ गाथा आहेत. रोज एक घेतली तर चौदा महिन्यांत पूर्ण. दर रविवारी विहारात तासभर बसून एकमेकांच्या वह्या तपासा. पौर्णिमेला वंदनेआधी एका मुलाने किंवा मुलीने एका शब्दाचा अर्थ सर्वांना सांगावा.

यमेळु आणि तेकुल या दोन भिक्खू भावांनी बुद्धवचन छंदस् भाषेत घालू द्या अशी विनंती केली, तेव्हा भगवंतांनी ती नाकारली, असे विनयपिटकात आहे. धम्म लोकांना समजला पाहिजे, हाच त्यामागचा हेतू. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. सरकारी मान मिळाला, आनंद आहे. घरातला मान मात्र आपणच द्यायचा आहे. येत्या पौर्णिमेपासून सुरुवात करा. पुढच्या वेळी लेकराने 'वेरमणी'चा अर्थ विचारला, तर त्याला उत्तर मिळाले पाहिजे.

जय भीम!