तेल काढलं, त्या जागी काय वाढलं?

छत्रपती संभाजीनगरातल्या आमखास मैदानाजवळचं शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२मध्ये सुरू झालं आणि मराठवाड्यातल्या अनेक बायकांचा उपचारासाठी मुंबईत परळला जाऊन राहण्याचा हेलपाटा वाचला. जालना, बीड, परभणी, हिंगोली, शेजारच्या बुलडाण्यातूनही रुग्ण इथे येतात. केमोसाठी दर तीन आठवड्यांनी एसटीने येणाऱ्या बाईजवळच्या पिशवीत फाइल असते आणि डबा असतो. फाइल डॉक्टर बघतात. डब्यात काय असावं, हे मात्र सासू, जाऊ, बहीण आणि भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा ठरवतो.

स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णाला मिळणारे सल्ले दोन टोकांचे असतात. एक म्हणतं, अशक्तपणा आलाय, तुपाचा हात आखडू नका, डिंकाचे लाडू करा, पायाचं सूप पाजा. दुसरं म्हणतं, तेल बंद, दूध बंद, साखर बंद, नुसत्या उकडलेल्या भाज्या द्या. दोन्ही सांगणाऱ्यांची माया खरी असते. पण बाई मधल्या मध्ये अडकते आणि बऱ्याचदा उलटंच करून बसते: केमो चालू असताना, म्हणजे खायची सगळ्यात जास्त गरज असताना, भीतीपोटी ताट रिकामं ठेवते, आणि उपचार संपल्यावर, तेल कमी करायची खरी वेळ आल्यावर, लाडवांचा डबा चालूच राहतो.

म्हणून आज या स्तंभात कमी तेला-तुपाच्या जेवणाबद्दल लिहायचं, तर आधी वेळेबद्दल लिहिलं पाहिजे.

केमोच्या काळात तेल मोजायचं नसतं, डाळ मोजायची असते. औषधं कर्करोगाच्या पेशींबरोबर तोंडातल्या, आतड्यातल्या आणि रक्त बनवणाऱ्या पेशींनाही झोडपतात. तोंड येतं, जिभेला लोखंडाची चव लागते, फोडणीच्या वासाने मळमळतं. अशा दिवसांत तेलकट पदार्थ बाईला आपणहूनच नको वाटतात, त्यामुळे ते आग्रहाने भरवू नयेत, एवढंच पाळलं तरी पुरे. तिला मऊ, कोमट, वास न येणारं हवं असतं, आणि आपल्याकडे ते पिढ्यान्‌पिढ्या आहे. ताकात शिजवलेल्या ज्वारीच्या कण्या, हुलग्याचं माडगं, मुगाच्या डाळीची पातळ खिचडी, नीट उकडलेलं अंडं. हे दिवसातून पाच-सहा वेळा, वाटी-वाटीने. ठेचा, लिंबाचं लोणचं तोंड बरं होईपर्यंत बाजूला. चार घास तुपामुळे जात असतील तर तूप जरूर घालावं, त्याचा अपराध वाटून घेऊ नये.

याच काळातली दुसरी काळजी पाण्याची. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांच्या दरम्यान पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात आणि साधा जुलाबही रुग्णालयात दाखल व्हायला लावू शकतो. आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. ड्रम, टाक्या, टँकर यांवर घर चालतं. तेव्हा साठवलेलं पाणी उकळून घेणं, कच्ची कोशिंबीर आणि कच्ची मोड आलेली कडधान्यं त्या आठवड्यात टाळणं, उसाचा रस आणि पाणीपुरी पूर्ण वर्ज्य करणं हे तेल मोजण्याच्या कितीतरी आधी येतं. मटकी खायची तर शिजवून. ताकही घरचं आणि ताजं, माठात दोन दिवस ठेवलेलं नको.

आता उपचारानंतरचं. इथे मला तेल-तुपाबद्दल आग्रहाने बोलायचं आहे.

बहुतेक कर्करोगांत माणूस झिजतो. स्तनाच्या कर्करोगात उलटं घडताना दिसतं, अनेक बायकांचं वजन वाढतं. केमोबरोबर दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडने भूक वाढते, पाळी अकाली थांबते, थकव्याने हालचाल कमी होते, आणि घरचे ‘ताकद’ भरत राहतात. हे वाढलेलं वजन निरुपद्रवी नाही. पाळी थांबल्यावर बाईच्या शरीरात इस्ट्रोजेन तयार होण्याचं एक मोठं ठिकाण म्हणजे चरबीच, आणि अनेक गाठी याच संप्रेरकावर वाढतात. काखेतल्या गाठी काढलेल्या हाताला सूज येण्याचा धोकाही वजनाबरोबर वाढतो. तोच हात घेऊन बाई पुन्हा भाकरी थापायला बसते, पाण्याचे हंडे उचलते.

कमी स्निग्ध आहाराने आजार परतणं टळतं का, यावर अमेरिकेत मोठे प्रयोग झाले. २००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २,४३७ बायका होत्या. सगळ्यांचे उपचार सारखे, पण एका गटाने जेवणातली एकूण चरबी दिवसाला ५१ ग्रॅमच्या ऐवजी सुमारे ३३ ग्रॅमवर आणली. पाच वर्षांत या गटात शंभरातल्या जवळपास १० जणींचा आजार उलटला, दुसऱ्या गटात १२ जणींचा. पुढच्याच वर्षी ३,०८८ बायकांवरच्या दुसऱ्या प्रयोगाचा निकाल आला. त्यांनी भाज्या-फळं खूप वाढवली, चरबी कमी करायचाही प्रयत्न केला, तरी सात वर्षांनी काहीच फरक दिसला नाही. दोन्ही निकाल शेजारी ठेवले की एक गोष्ट डोळ्यांत भरते. पहिल्या प्रयोगातल्या बायकांचं वजन दुसऱ्या गटाच्या तुलनेत पावणेतीन किलोंनी कमी राहिलं होतं. दुसऱ्या प्रयोगात वजन हललंच नाही. माझं वाचन असं की, तेलाचा दोष तेल असण्यात फारसा नाही. तेलाने नकळत भरणाऱ्या उष्मांकांत आहे. एका ग्रॅम तेलातून नऊ उष्मांक, एका ग्रॅम पिष्टातून किंवा डाळीच्या प्रथिनातून चार.

तिसरा प्रयोग त्याहून मोठा, आजार नसलेल्या ४८,८३५ बायकांवरचा. कमी चरबीचं जेवण शिकलेल्या गटात जवळपास वीस वर्षांनी स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू २१ टक्क्यांनी कमी आढळले. हा फरक औषधाइतका मोठा नसेल, पण फुकट मिळणारा आहे.

पण हे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे आणता येत नाहीत, आणि माझा खरा मुद्दा इथेच आहे. अमेरिकन बाईच्या ताटातून लोणी आणि चीज काढलं तरी मांस, दूध, अंडी उरतात. मराठवाड्यातल्या बाईच्या ताटातून तेल आणि शेंगदाण्याचं कूट काढलं की उरते भाकर, भात आणि पातळ वरण. ‘तेल बंद’ म्हटल्यावर ती पोट भरायला एक भाकर जास्त घेते, नाहीतर चहासोबत टोस्ट खाते. वजन घटतं ते स्नायूंचं, चरबी तिथेच राहते, आणि आधीच अंगात रक्त कमी असलेली बाई आणखी गळून जाते. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. म्हणून तेलाचा प्रत्येक चमचा काढताना त्या जागी डाळीची वाटी वाढली गेली का, हे विचारायचं.

तेल किती, याचा हिशेब सोपा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४मध्ये दिलेल्या नमुना ताटात २,००० उष्मांकांच्या जेवणाला दिवसभरात २७ ग्रॅम तेल-तूप धरलं आहे आणि डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम. चौघांच्या घराला महिन्याला साधारण साडेतीन लिटर तेल झालं. पाच लिटरचा डबा आणला की त्यावर तारीख लिहून ठेवा. तो जवळजवळ दीड महिना पुरायला हवा. वीस दिवसांत संपला तर घरातल्या सगळ्यांचंच तेल जास्त होतंय. उपचार झालेल्या बाईने वजन उतरवायचं असेल तर दिवसाला चहाचे चार चमचे, म्हणजे २० ग्रॅमच्या आसपास. करडईचं तेल आपल्या भागातलं, चांगलं आहे. पण करडईचं म्हणून दोन पळ्या जास्त चालत नाहीत. उष्मांक सगळ्या तेलांचे तेवढेच. शेंगदाण्याच्या कुटात जवळजवळ अर्धी चरबी असते, त्यामुळे वांग्याच्या रस्स्यात मूठभर कूट म्हणजे तेलाचे आणखी तीन चमचे. आमटी दाट करायला येसर आहेच. ते भाजलेल्या धान्या-डाळींचं असल्याने जाडी येते, तेल वाढत नाही.

दुधाबद्दलची भीती सोडा. दूध तापवून, गार करून साय काढणं हे आपल्या घरांत रोजचं काम आहे. साय दोनदा काढलेलं दूध आणि लोणी काढलेलं ताक हे कमी चरबीचेच पदार्थ, त्यासाठी वेगळं पाकीट विकत आणायला नको. फक्त त्या सायीचं तूप पुन्हा तिच्याच ताटात येऊ नये. पाळी गेलेल्या अनेक जणींना उपचारानंतर लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोलची गोळी पाच वर्षं आणि काहींना त्याहून जास्त घ्यावी लागते, आणि या गोळ्यांनी हाडं विरळ होतात. अशा वेळी दूध-ताक तोडणं म्हणजे कंबरेच्या फ्रॅक्चरची तयारी. नाचणी आणि थोडे तीळही चालतील.

आणि सोयाबीन. मराठवाड्यात शेतंच्या शेतं सोयाबीनची, लातूरची बाजारपेठ त्यावर उभी, आणि ताटात मात्र ते येतच नाही. त्यात ‘सोयात इस्ट्रोजेन असतं, कर्करोगात चालत नाही’ हा समज. सोयातले घटक इस्ट्रोजेनसारखे दिसतात, पण शरीरात तसे वागतातच असं नाही. चीनमध्ये शांघायच्या ५,०४२ रुग्ण बायकांचा पाठपुरावा झाला, त्याचा अहवाल २००९मध्ये आला. सोयाचे पदार्थ जास्त खाणाऱ्यांमध्ये आजार उलटण्याचं प्रमाण कमी होतं. गोळ्या-पावडरी घेऊ नयेत, पण सोयावडी जरूर खावी. तेल काढून उरलेल्या सोयाची असल्याने तिच्यात चरबी नावापुरती आणि प्रथिनं वजनाच्या निम्मी. गरम पाण्यात भिजवून, पिळून, बारीक करून पालकात किंवा मेथीत टाकली की लहान पोरंही खातात.

शहराच्या जुन्या भागातल्या भगिनींसाठीही हेच. नान खलिया सणावारी खाल्ला जाईल, जावा. वर आलेली तर्री पळीने काढून टाकायची आणि बोटी खायच्या. घरी मटणाऐवजी कातडी काढलेली कोंबडी, मसूर, अंडी. केमो चालू असताना रोजे धरू नयेत, आजाऱ्याला त्यातून सूट आहे आणि नंतर भरून काढता येतात. आपल्या एकादश्या, चतुर्थ्या आणि नवरात्राचे नऊ दिवस यांनाही हाच नियम लावावा असं मी कळकळीने सांगते. आजारातून उठल्यावर नवसाचे उपवास वाढतात. त्या दिवशीचं जेवण म्हणजे साबुदाणा, बटाटा, कूट आणि तूप, म्हणजे पिष्ट आणि चरबी, प्रथिनं कमीच. उपवास करायचाच असेल तर वरई-राजगिरा, साय काढलेलं दही आणि फळं.

गुळवेलाचा काढा, लक्ष्मणफळाच्या पानांचा रस, हळदीच्या कॅप्सूल, या गोष्टी फाइलवरच्या औषधांबरोबर स्वतःच्या मनाने घेऊ नका. मुंबईच्या डॉ. आभा नगराळ आणि सहकाऱ्यांनी २०२१मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिला हरकत घेतली, वाद झाला. पण केमोची औषधं पचवायचं काम ज्या यकृताला करायचं आहे, त्यावर अशी जोखीम का घ्यावी? भाजीतली हळद पुरे.

हे सगळं बाईला सांगून भागत नाही, कारण ती शेवटी जेवते. घट्ट वरण आधी नवऱ्याच्या आणि मुलांच्या वाटीत जातं, तिच्यासाठी तळाचं पाणी आणि कढईला लागलेलं तेल उरतं. तिच्यासाठी वेगळा बिनतेलाचा स्वयंपाक करा असं सांगितलं तर तो करणार तीच, आणि चार दिवसांत थकून सोडणारही तीच. तेव्हा बदल सगळ्या घराच्या कढईत हवा. तिचं ताट पहिलं वाढलं जावं, आणि ते नवऱ्याने किंवा मुलाने वाढावं. रुग्णालयातून सुट्टी होताना हा सल्ला मराठीत आणि उर्दूत छापून, घरच्या पुरुषाला समोर बसवून समजावला पाहिजे.

सरकारनेही यात उतरायला हवं. क्षयाच्या रुग्णाला पोषणासाठी केंद्राकडून २०१८पासून महिन्याला ५०० रुपये मिळत होते, नोव्हेंबर २०२४पासून १,००० मिळतात. उपचार पूर्ण व्हायचा तर पोट भरलेलं हवं, हे तिथे मान्य झालं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना कर्करोगाच्या शस्त्रक्रियेचा आणि केमोचा खर्च उचलते, पण रुग्ण बाई घरी गेल्यावर तिच्या वाट्याला येतात ते रेशनचे गहू आणि तांदूळ. २०२२च्या दिवाळीत शंभर रुपयांत मिळालेल्या ‘आनंदाचा शिधा’मध्ये रवा, साखर, पामतेल आणि चणाडाळ होती. त्या चारांतली डाळ तेवढी या बाईच्या कामाची. केमोच्या तारखेला औषधाच्या खिडकीवरच तिला दोन किलो तूरडाळ, एक किलो सोयावडी आणि अंड्यांचे पैसे मिळावेत, आणि शेवटच्या केमोनंतर निदान वर्षभर ते थांबू नयेत. या विभागातल्या आमदार-खासदारांनी येत्या अर्थसंकल्पात हीच मागणी मांडावी.